पडद्यावरची रत्ने आणि त्यांचे खरे मोल

हिऱ्याची पारख जव्हेऱ्याने करावी, ही आपल्याकडील जुनी समजूत. खडा हातात घ्यावा, उजेडाकडे धरून फिरवावा, भिंगाखाली तपासावा आणि मगच त्याच्या किमतीविषयी बोलावे, अशी रत्नव्यवहाराची परंपरागत रीत आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात अमेरिकेत आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये असंख्य ग्राहकांनी मात्र ही रीत बाजूला ठेवली. त्यांनी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खडा पाहिला, दूरध्वनी उचलला, कार्डाचा क्रमांक सांगितला आणि टपालाने येणाऱ्या पुडक्याची वाट पाहिली.

आज त्या खरेदीविषयी बोलताना ही मंडळी हळवी होतात. कोणाला रात्री उशिरापर्यंत सोबत करणारा निवेदकाचा आवाज आठवतो, तर कोणाला टांझानाइटचा निळा-जांभळा रंग. त्याच वेळी अनेक घरांत त्या काळच्या डब्या उघडल्या जात आहेत आणि वारसदार विचारत आहेत, "याचे आता किती येतील?" स्मृतीचे उत्तर आणि बाजाराचे उत्तर यांत येथे मोठे अंतर पडते. हे अंतर का पडते, हे समजून घेणे दागिन्यात पैसा घालणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आणि दागिन्याच्या तारणावर कर्ज देणाऱ्या प्रत्येक बँक कर्मचाऱ्याला उपयोगाचे ठरेल.

उगम : एकशे बारा उपकरणांची गोष्ट

या व्यवसायाचा आरंभ रत्नांपासून झाला नाही. १९७७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात बड पॅक्सन यांच्या रेडिओ केंद्राचा एक जाहिरातदार रोख पैसे देऊ शकला नाही. त्याने पैशाऐवजी डबे उघडण्याची ११२ विद्युत उपकरणे दिली. निवेदक बॉब सर्कोस्टा यांनी ती थेट कार्यक्रमातून विकावयास काढली आणि सर्व उपकरणे हातोहात संपली. याच अनुभवातून पॅक्सन आणि त्यांचे भागीदार रॉय स्पीअर यांनी १९८२ मध्ये स्थानिक केबलवर विक्रीची वाहिनी सुरू केली. १९८५ मध्ये ती 'होम शॉपिंग नेटवर्क' या नावाने देशभर दिसू लागली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९८६ मध्ये, जोसेफ सेगल यांनी पेनसिल्व्हेनियात 'क्यूव्हीसी' स्थापन केली.

दागिना हा या वाहिन्यांना अतिशय सोयीचा माल ठरला. तो आकाराने लहान, वजनाने हलका, टपालाने पाठविण्यास सोपा आणि प्रखर दिव्यांखाली विलक्षण खुलणारा. कपड्याप्रमाणे मापाचा प्रश्न नाही, खाद्यपदार्थाप्रमाणे नासण्याची भीती नाही. १९७०च्या दशकात बाजारात आलेला कृत्रिम घन झिर्कोनिया, ज्याला आपल्या बाजारपेठेत 'अमेरिकन डायमंड' म्हणतात, तो क्यूव्हीसीने 'डायमोनिक' या नाममुद्रेखाली घरोघरी पोहोचविला. १९९३ मध्ये टेनेसी राज्यात सुरू झालेली एक वाहिनी पुढे 'ज्वेलरी टेलिव्हिजन' या नावाने केवळ दागिने आणि सुटी रत्ने विकू लागली.

घरबसल्या रत्नशास्त्र

या वाहिन्यांच्या आठवणीत जिव्हाळा का आहे, याचे पहिले उत्तर त्यांनी दिलेल्या ज्ञानात सापडते. गावातल्या सराफाकडे हिरा, माणिक, नीलम, पाचू आणि मोती यांपलीकडे सहसा फार काही नसे. पडद्यावर मात्र टांझानाइट, त्सावोराइट, अपटाइट, स्फीन, कुन्झाइट अशी नावे रोज कानी पडत. टांझानाइट १९६७ मध्ये टांझानियातील मेरेलानी टेकड्यांत सापडले आणि जगात अन्यत्र त्याचा व्यापारी साठा नाही. रत्नाचे काठिण्य मोस मापनश्रेणीने मोजतात. माणिक आणि नीलम ही एकाच खनिजाची दोन रूपे असून दोघांचे काठिण्य ९ आहे, अशा गोष्टी सामान्य गृहिणीला आणि निवृत्त कारकुनालाही ठाऊक झाल्या. ज्या ज्ञानासाठी एरवी जव्हेऱ्याच्या पेढीवर उमेदवारी करावी लागली असती, ते घरात येऊन मिळत होते.

दुसरे उत्तर सोबतीचे आहे. निवेदक दररोज ठरल्या वेळी भेटत. ग्राहक दूरध्वनी करीत तेव्हा त्यांचे बोलणे थेट प्रक्षेपित होई. मुलीचे लग्न, नातवाचा जन्म, जोडीदाराच्या आजारपणातली जागरणे हे सारे त्या संभाषणांत येई. एकटे राहणाऱ्या वयस्कर माणसाला आपले नाव पडद्यावरून उच्चारले जाण्याचे अप्रूप किती असेल, हे सांगावयास नको. विकत घेतला जाई तो खडा. सोबत येई ती आपुलकी. या आपुलकीस हसण्याचे कारण नाही. मात्र तिची किंमत दागिन्याच्या किमतीत मिसळली गेली, याची जाणीव खरेदीच्या वेळी थोड्यांनाच होती.

उतरत्या किमतीचा लिलाव

ब्रिटनमध्ये २००४ मध्ये सुरू झालेल्या 'जेम्स टीव्ही' या वाहिनीने विक्रीला खेळाचे रूप दिले. थायलंडमधील चंथाबुरी या रत्नव्यापाराच्या प्रसिद्ध केंद्रात घडविलेले दागिने येथे उलट्या लिलावाने विकले जात. नेहमीच्या लिलावात बोली चढत जाते. येथे किंमत वरून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने खाली येई. पडद्याच्या कोपऱ्यात उरलेल्या नगांचा आकडा कमी होत असे. थांबावे तर माल संपण्याची धास्ती, घाई करावी तर किंमत आणखी उतरेल ही आशा. अखेरीस सर्व खरेदीदारांना शेवटची, सर्वांत कमी किंमतच आकारली जाई. त्यामुळे आपण जिंकलो, अशी भावना प्रत्येकाच्या मनात उरे.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा नियम ध्यानात घ्यावयास हवा. आरंभीची उंच किंमत ही बाजारभाव असतेच असे नाही. ती तुलनेसाठी रोवलेली खुंटी असते. ग्राहक अंतिम किमतीची तुलना त्या खुंटीशी करतो, दुसऱ्या दुकानातील भावाशी करीत नाही. यात बिनव्याजी हप्त्यांची सवलत मिळाली की एकूण रक्कम नजरेआड होते आणि मासिक हप्ता तेवढा दिसतो. असे पाच-सहा हप्ते एकाच कार्डावर जमा झाले की हलका वाटणारा भार जड होतो. भारतात रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी संकल्पनाच अस्तित्वात नाही. व्याजाचा भार कोठे ना कोठे दडलेला असतो, हाच त्याचा मथितार्थ.

जयपूरचा दुवा

या परदेशी पडद्यामागे भारतीय हातांचे कसब मोठ्या प्रमाणावर होते, हे अनेक प्रेक्षकांना ठाऊक नसे. रंगीत रत्नांना पैलू पाडण्याचे जयपूर हे जगातील एक प्रमुख केंद्र आहे. पाचूसाठी या शहराची ख्याती जुनी. टांझानाइटलाही तेथे मोठ्या प्रमाणावर पैलू पाडले जातात. जयपूरच्याच 'वैभव ग्लोबल' या कंपनीने पुढे अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी या देशांत स्वतःच्या विक्री-वाहिन्या उभारल्या. आफ्रिकेतील खाणीतून निघालेला खडा राजस्थानातील कारागिराच्या हातून जाऊन टेक्सासमधील घरात पोहोचतो, आणि मधले अनेक दलाल गळून पडल्याने तो तुलनेने स्वस्त मिळतो, हे या व्यवसायाचे बलस्थान होते व आहे. वाहिन्यांनी सांगितलेल्या स्वस्ताईला असा खरा आधारही होता, हे न्यायाने नमूद केले पाहिजे.

विश्वासाची परीक्षा

तरीही स्वस्ताईच्या काही बाबी ग्राहकांना उशिरा कळल्या. बहुतेक माणके व नीलम यांना रंग खुलविण्यासाठी उष्णता दिलेली असते. हा संस्कार व्यापारात मान्य आहे आणि तो टिकाऊही असतो. काचभरणाचे माणिक मात्र निराळे. २००४ च्या सुमारास असे खडे बाजारात दिसू लागले. हलक्या प्रतीच्या, भेगाळलेल्या माणकात शिसेयुक्त काच भरून ते पारदर्शक केले जाते. सोनाराच्या भट्टीची आच किंवा लिंबाच्या रसासारखे आम्लही त्यास इजा पोहोचवू शकते.

लाल अँडेसिनची कथा याहून बोलकी आहे. २००० च्या दशकात हा खडा पडद्यावरून दुर्मीळ आणि नैसर्गिक रंगाचा म्हणून विकला गेला. २००८ च्या सुमारास रत्नतज्ज्ञांनी त्याविषयी शंका उपस्थित केल्या. फिकट खनिजात उष्णतेच्या साहाय्याने तांबे मुरवून असा लाल रंग आणता येतो, हे नंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. अमेरिकेत ग्राहकांनी न्यायालयात दावेही दाखल केले. खडा तोच, अंगठी तीच, तिचे सौंदर्यही तसूभर कमी झाले नव्हते. बदलली होती ती माहिती आणि तिच्याबरोबर किंमत.

एका अंगठीचा हिशेब

वारसदाराच्या प्रश्नाचे उत्तर एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. अमेरिकेत घेतलेल्या, १० कॅरट सोन्याच्या एका रत्नजडित अंगठीचे ढोबळ वजन ६ ग्रॅम आहे. तिच्यातील खड्यांचे वजन ५ कॅरट. कॅरट हा शब्द येथे दोन अर्थांनी येतो, हे प्रथम ओळखावे. सोन्याच्या बाबतीत तो शुद्धता दर्शवितो; खड्याच्या बाबतीत वजन. रत्नाचा एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. त्यामुळे ५ कॅरटचे खडे १ ग्रॅम भरतात आणि धातूचे निव्वळ वजन ५ ग्रॅम उरते. १० कॅरट सोन्यात शुद्ध सोन्याचे प्रमाण सुमारे ४१.७ टक्के असते. म्हणजेच या अंगठीत शुद्ध सोने केवळ २.०८ ग्रॅमच्या आसपास आहे.

मग खड्यांचे काय? 'एकूण ५ कॅरट' हे शब्द पडद्यावर भारदस्त वाटतात. परंतु मोठा एकच खडा आणि बारीक पन्नास खडे यांचे मोल सारखे नसते. आकार वाढतो तसा प्रतिकॅरट भावही चढतो, म्हणून बारीक खड्यांची बेरीज मोठ्या खड्याची किंमत गाठू शकत नाही. शिवाय सोन्याला रोजचा जाहीर भाव असतो. रंगीत खड्याला तसा भाव नाही. विकताना समोरचा सराफ जे देईल तेच पदरात पडते आणि घडणावळ तर परत मिळतच नाही.

बँकेत सुवर्णतारण कर्ज घेतानाही हाच हिशेब लागू होतो. मूल्यमापन करताना खड्यांचे वजन वजा केले जाते. तारणातील सोने-चांदीचे अंगभूत मूल्यच विचारात घ्यावे, रत्नांची किंमत त्यात मिळवू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२५ मधील निर्देशांतही स्पष्ट केले आहे. कर्जदार ग्राहक येथे अनेकदा दुखावतो. आईने हौसेने घेतलेल्या अंगठीचा अपमान झाला, असे त्याला वाटते. अशा वेळी काउंटरवरील कर्मचाऱ्याने वरील हिशेब शांतपणे मांडून दाखविला, तर गैरसमज टळतो आणि ग्राहकाच्या भावनेचाही मान राहतो.

ग्राहकांनी ध्यानात ठेवावे असे

पडदा दूरचित्रवाणीचा असो वा आजच्या भ्रमणध्वनीचा, थेट प्रक्षेपणातून होणारी दागिन्यांची विक्री थांबलेली नाही. म्हणून पुढील गोष्टींची खबरदारी घ्यावी.

१. भारतात सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक पाहावा. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक बंधनकारक आहे. मात्र हॉलमार्क धातूची शुद्धता सांगतो. खड्याविषयी तो काहीही सांगत नाही.

२. खडा नैसर्गिक, प्रयोगशाळेत घडविलेला की अनुकृती, आणि त्यावर कोणते संस्कार झाले आहेत, हे पावतीवर लिहून घ्यावे. किमती खड्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे.

३. खड्यांचे एकूण वजन पुरेसे नाही. मुख्य खड्याचे वजन आणि खड्यांची संख्या विचारावी.

४. हप्ता न पाहता एकूण देय रक्कम पाहावी आणि चालू असलेल्या सर्व हप्त्यांची बेरीज महिन्यातून एकदा करावी.

५. माल परत करण्याची मुदत आणि टपालखर्च कोणावर, हे आधी जाणून घ्यावे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

६. जुन्या दागिन्यांची पावती, प्रमाणपत्र आणि डबी एकत्र ठेवावी. पुढील पिढीस त्याचा मोठा आधार होतो.

उपसंहार

दागिन्याला तीन मोले असतात. धातूचे मोल तराजू सांगतो, रत्नाचे मोल पारखी सांगतो आणि स्मृतीचे मोल ज्याचे त्यालाच ठाऊक असते. विक्री-वाहिन्यांच्या सुवर्णकाळात ही तिन्ही मोले एकाच किमतीच्या पट्टीत बसविली गेली, हीच त्या खरेदीची मोहिनी आणि हीच तिची उणीव. २०१७ मध्ये क्यूव्हीसीच्या मूळ कंपनीने होम शॉपिंग नेटवर्क आपल्याकडे घेतले. प्रेक्षक हळूहळू केबलकडून लहान पडद्याकडे वळले. ज्यांनी त्या रात्री जागविल्या, त्यांच्या आठवणी मात्र खोट्या ठरत नाहीत. ज्या डब्यांना बाजारात फारसा भाव नाही, त्या घाईने मोडीत काढण्यापेक्षा कोणता खडा कोठला आणि तो का घेतला, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून जाणून घ्यावे. बचतीसाठी बचतीची साधने आहेत. दागिना हौसेसाठी घ्यावा, हौसेपुरता घ्यावा आणि घेताना त्याची तिन्ही मोले वेगवेगळी मोजावीत. असे केल्यास पुढे डबी उघडणाऱ्याच्या वाट्याला निराशा येणार नाही.