रजोनिवृत्ती आणि पोटाचा घेर

"वजन तेवढेच आहे हो, पण ब्लाऊज काही अंगात शिरत नाहीत!" गणपतीच्या तयारीला जमलेल्या पन्नाशीच्या आसपासच्या मैत्रिणींच्या तोंडी हे वाक्य हमखास असते. यात काट्याची चूक नाही. पाळी जायच्या सुमारास शरीरातले इस्ट्रोजेन कमी होते आणि पूर्वी मांड्यांवर साठणारी चरबी पोटावर साठू लागते. त्याच वयात स्नायूही घटत असतात. स्नायू गेले, चरबी आली, काटा मात्र जागच्या जागी!

म्हणून शिवणाच्या डब्यातली टेप काढा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोजा. अमेरिकेत स्त्रियांसाठी सर्वसाधारणपणे ३५ इंच ही धोक्याची रेघ धरतात. आपल्या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी ती ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच आहे. आपल्याला कमी वजनातही मधुमेह गाठतो. याच कारणाने अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ साली आशियाई लोकांच्या तपासणीसाठी बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणली. तेव्हा डॉक्टर "नॉर्मल" म्हणाले, तरी साखरेच्या तपासणीचे आपणहून विचारावे.

"मी रोज चालते की," असे बऱ्याच जणी म्हणतात. उत्तमच. आठवड्याला १५० मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चाला. बर्फ पडू लागला की मॉलमध्ये. पण चालण्याने दंड, खांदे, पाठ यांचे स्नायू फारसे बळकट होत नाहीत. त्यासाठी आठवड्यातून दोनदा तरी वजनाचा व्यायाम हवा. जिमच हवे असे नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. किचन काउंटरला हात टेकून तिरके दंड काढा. दुधाचा अर्ध्या गॅलनचा भरलेला कॅन साधारण दोन किलोचा असतो, तो उचला. (बेसमेंटमधल्या ट्रेडमिलवर कपडे वाळत घालणे हा व्यायाम नव्हे!) गुडघे दुखत असतील किंवा हाडे ठिसूळ असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

खाण्यात मोठी चूक म्हणजे उपाशी राहणे. त्याने चरबीबरोबर स्नायूही जातात. साठ किलोच्या बाईला रोज निदान ४८ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि या वयात ६० पर्यंत घ्यावीत असे पुष्कळ तज्ज्ञ म्हणतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणातही जवळपास तेवढीच. आपल्या ताटात पोळी-भात भरपूर आणि वरण नावाला, ते उलटे करा. मूग, मटकी, दही, पनीर, मासे, जे चालत असेल ते प्रत्येक जेवणात हवे. उपवासाचे तर विचारूच नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर तूप आणि दाण्याचे कूट. एकादशी अन् दुप्पट खाशी! मुलांच्या ताटातले उरलेले "वाया जायला नको" म्हणून संपवणेही थांबवा.

एवढे करूनही वजन भराभर वाढले तर थायरॉइड तपासून घ्या. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थोडासाही रक्तस्राव दिसला, तर तो वयाचा भाग समजून थांबू नका. लगेच डॉक्टरांना फोन करा.