साखर पाजली, तरी साखर चढेना

खानदेशात मधुमेह झालेल्या माणसाला दोन सल्ले फुकट मिळतात. पहिला, "भात-केळी बंद, भाकरी कितीही खा." दुसरा, "घाम फुटला, चक्कर आली, की साखर तोंडात टाक." पहिला अर्धवट आहे. दुसरा बहुतेकांना लागू पडतो, पण ज्याला पडत नाही त्याच्या जिवावर बेतू शकतं. माझ्या मामांच्या बाबतीत आम्ही ते धुळ्याला डोळ्यांनी पाहिलं.

मामा देवपुरात राहतात. सत्तरी ओलांडलेली, मधुमेह जुना आणि आषाढीचा उपास त्याहून जुना. त्या एकादशीला सकाळची गोळी त्यांनी नेमाने घेतली. साबुदाणा बाधतो म्हणून मूठभर शेंगदाणे आणि ताक, एवढंच पोटात. दुपारी चारच्या सुमारास ओट्यावर बसल्या बसल्या सदरा घामाने भिजला, हात थरथरायला लागले. मामींनी विचारलं तर "माले काही नही व्हयनं!" म्हणून खेकसले. एरवी आवाज न चढवणारा मधुमेही माणूस असा विनाकारण चिडला, की आधी बोट टोचून साखर बघावी. मामेभावाने तेच केलं. मीटरवर आकडा आला 52. सत्तरच्या खाली गेली की ती धोक्याचीच. लगेच पेल्यात चार चमचे साखर ढवळून पाजली. पाव तासाने आकडा 55. पुन्हा साखरपाणी. मामा शुद्धीवर होते, पण बोलताना शब्द चुकत होते. तेवढ्यात शेजारच्या घरातून साधी ग्लुकोज पावडर आली. ती पाण्यात कालवून दिली, तेव्हा कुठे मीटर नव्वदीकडे सरकलं आणि मामांनी आपणहून चष्मा मागितला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी उलटी करून आमच्यापुढे धरली. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज. एकाच गोळीत तीन औषधं. यातलं तिसरं नाव घरात कोणी कधी वाचलेलंच नव्हतं.

आपण चहात घालतो ती साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. ही जोडी जशीच्या तशी रक्तात जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरावर सुक्रेज नावाचं एन्झाइम असतं. ते जोडी फोडतं, मग सुटं झालेलं ग्लुकोज आत शिरतं. व्होग्लिबोजचं काम नेमकं हे फोडणं मंद करण्याचं, म्हणजे जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही. अॅकार्बोज हे त्याच जातीचं औषध. एरवी हे फायद्याचंच. पण साखर घसरलेली असताना पाजलेलं साखरपाणी फुटण्याची वाट बघत आतड्यात पडून राहतं. ग्लुकोज पावडरीत फोडण्यासारखं काही नसतंच, त्यामुळे औषधाला तिथे अडवायला जागा नाही.

मग भाकरी? तीही अशा वेळी कामाची नाही. दादर ज्वारीची भाकरी असो की बाजरीची, तिच्यातला स्टार्च म्हणजे शेकडो-हजारो ग्लुकोजची माळ. लाळेतलं अमायलेज ती तोडायला सुरुवात करतं. भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात बराच वेळ चावत राहा, गोडसर लागायला लागतो. पुढे स्वादुपिंडाचं अमायलेज आणखी बारीक तुकडे करतं, आणि शेवटचा घाव पुन्हा आतड्याच्या अस्तरावरच पडतो. व्होग्लिबोज तिथेही आडवं येतं. गंमत म्हणजे आपल्या शेतातला कापूससुद्धा ग्लुकोजच आहे. सरकी काढलेल्या रुईत नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच माळ. फक्त मण्यांमधला सांधा वेगळा, तो तोडणारं एन्झाइम माणसाकडे नाही. म्हशीच्या पोटातल्या जिवाणूंकडे आहे, म्हणून ती कडब्यावर जगते.

केळ्यातही भाकरीसारखाच स्टार्च. रावेर-यावलच्या ज्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या हिरव्या घडात शंभर ग्रॅम गरामागे वीसेक ग्रॅम स्टार्च असतो. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू मिळाला की फळातली एन्झाइम जागी होतात, आणि पूर्ण पिकेपर्यंत स्टार्च एक-दोन ग्रॅमवर येतो. बाकीची झालेली असते साखर. त्यामुळे "केळं चालेल का?" या प्रश्नाला किती पिकलेलं आणि केवढं, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. "भाकरी कितीही" म्हणणाऱ्यांनाही हेच सांगेन, की ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सत्तरेक ग्रॅम कर्बोदकं असतात. कळण्याच्या भाकरीत उडदाची प्रथिनं येतात, ती सावकाश पचते, म्हणून मला ती जास्त पटते. पण तीही मोजूनच.

उलट हल्ली कर्बोदकं साफ बंद करायची लाट आली आहे, तिचंही मला भय वाटतं, विशेषतः गोळ्या चालू असताना. मेंदूला दिवसाकाठी सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं. जेवण चुकलं की यकृत आपल्या साठ्यातून ते पुरवतं. हा साठा ग्लायकोजेनचा, भरलेला असला तर साधारण शंभर ग्रॅम. स्नायूंत याच्या कितीतरी पट असतं, पण स्नायू ते स्वतःसाठीच वापरतात, रक्तात सोडत नाहीत. निरोगी माणसाचा उपास यकृताच्या जिवावर निभतो, कारण त्याचं इन्सुलिन आपोआप खाली येतं. ग्लिमेपिराइड मात्र तुम्ही जेवलात की नाही हे न बघता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, आणि इन्सुलिन वर असलं की यकृत कोठाराचं दार नीट उघडत नाही. मामांचं त्या दुपारी हेच झालं. शेंगदाण्यात मुख्यतः तेल आणि प्रथिनं, साखर वर धरायला ते अपुरे पडले.

तेव्हा उपास करायचाच असेल, तर आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून गोळीचं काय करायचं ते ठरवा. मनाने गोळी बंद करू नका, मनाने चालूही ठेवू नका. घरात साधी, बिनस्वादाची ग्लुकोज पावडर ठेवा. संत्र्याच्या वगैरे स्वादाच्या पुड्यांत बरेचदा साखर मिसळलेली असते, मागचा मजकूर वाचून घ्या. साखर उतरली तर पंधरा ग्रॅम, म्हणजे सुमारे तीन चमचे पावडर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, सत्तरच्या वर आली नसेल तर परत तेवढीच द्या. पावडर नसेल तर मध द्यावा, त्यात सुटं ग्लुकोज असतं. आकडा वर आला की जेवायला घाला, मग उपास असो की नसो. ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर राहतो, साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि रात्री माणसाला एकटं सोडू नका. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. थेट 108 ला फोन करा.

आणि घरात कोणाची मधुमेहाची गोळी चालू असेल, तर आज पट्टी उलटी करून वाचा. व्होग्लिबोज किंवा अॅकार्बोज लिहिलेलं दिसलं, तर ते घरातल्या प्रत्येकाला सांगा, शेजाऱ्यांनाही.