एवढ्याशा तुकड्याला चार दिवस कशाला?

प्रश्न : आईच्या गाठीची बायोप्सी झाली. काढलेला तुकडा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी हातात पडतो, मग याला चार दिवस का लागतात?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : रक्तातल्या पेशी मुळातच सुट्या असतात. थेंब काचेवर पसरला की त्यांचा एकेरी थर मिळतो. गाठीतल्या पेशी मात्र एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. त्यातून प्रकाश आरपार जायचा, तर ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप हवेत. केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप मावतील! ओला, मऊ तुकडा इतका पातळ कापू गेले तर लगदाच होईल. दिवस मोडतात ते त्याला कापण्याजोगा करण्यात.

ऊती सडू नये म्हणून तुकडा काढताच फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. ते आतपर्यंत मुरायला कित्येक तास जातात. मग तुकड्यात मेण भरायचे, पण पाणी आणि मेणाचे जमत नाही. म्हणून आधी अल्कोहोलने पाणी काढायचे, झायलीनने अल्कोहोल घालवायचे आणि सुमारे ६० अंश सेल्सियसचे वितळलेले पॅराफिन आत शिरू द्यायचे. हे काम बहुधा यंत्र रात्रभर करते. थंड झालेल्या मेणाच्या ठोकळ्यातून मायक्रोटोमचे धारदार पाते फितीसारखे काप काढते. ते कोमट पाण्यावर सोडले की सुरकुत्या जातात. मग अलगद काचपट्टीवर उचलतात.

तरीही फारसे दिसत नाही, कारण बहुतेक पेशी रंगहीन असतात. लॉगवुड नावाच्या अमेरिकी झाडाच्या लाकडापासून मिळणारे हिमॅटॉक्सिलिन केंद्रके निळी-जांभळी करते, इओसिन उरलेला भाग गुलाबी. आता पॅथॉलॉजिस्ट केंद्रकांचा आकार आणि पेशींची मांडणी तपासतात. शंका वाटली तर नवे काप, वेगळे रंग. हाड असेल, तर त्यातले कॅल्शियम आधी आम्लाने काढावे लागते.

शस्त्रक्रिया चालू असताना तुकडा गोठवून अर्ध्या तासातही अंदाज देतात. पण बर्फाच्या स्फटिकांनी पेशींची ठेवण बिघडते, म्हणून पक्के निदान शक्यतो मेणातल्या कापांवरच करतात.

तेव्हा रिपोर्टला उशीर म्हणजे वाईट बातमी, असे समजू नका. मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या वर्षानुवर्षे टिकतात. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाले, तर रिपोर्टच्या कागदाबरोबर त्याही मागून घ्या.