टाइम ट्रायल सायकल आणि सरावाचा धडा



हवेचा रोध मुलांना समजावायला सायकलीसारखं दुसरं साधन नाही. पावसाळ्यात जळगावहून एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याकडे निघालं की पश्चिमेचा वारा समोरून येतो आणि पाय जड होतात. याच वाऱ्यावर साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या फिरतात.

टाइम ट्रायल म्हणजे काय?
प्रत्येक स्पर्धक ठरावीक अंतराने एकटा सुटतो. दुसऱ्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला राहायचं नाही. ज्याला सर्वांत कमी वेळ लागतो, तो जिंकतो. या सायकलीला कोपर टेकवायचं पुढे आलेलं हँडल असतं. त्यामुळे पाठ सपाट राहते, डोकं खाली जातं.

एवढ्याने फरक पडतो?
वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. १९८९ च्या 'टूर द फ्रान्स'मध्ये शेवटच्या दिवशी २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. कोपर टेकवायचं हँडल त्याच्याकडे होतं, लॉराँ फिन्योंकडे नव्हतं. लेमाँडने अख्खी शर्यत ८ सेकंदांनी जिंकली!

मग रोज हीच सायकल चालवायची का?
नाही. चढ, वळणं, ब्रेक आणि गटात चालणं रोड बाईकवरच शिकायचं. पण वाकून बसलं की कंबरेचा कोन बदलतो, स्नायू वेगळ्या तऱ्हेने काम करतात. रोड बाईकवर कमावलेली ताकद तिथे आपोआप पूर्ण उतरत नाही. म्हणून आठवड्यातून एक-दोनदा टाइम ट्रायल सायकल घ्यायची. सुरुवातीला वाकून थोडीच मिनिटं, मग हळूहळू वाढवायची.

पालकांनो, हे लक्षात ठेवा
कोपर टेकवलेले असताना ब्रेक हाताखाली नसतो. त्यामुळे गटात किंवा ट्रकच्या वर्दळीत असा सराव नकोच. महामार्ग तर नकोच नको.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. तिथेही शर्यत घड्याळाशीच असते.

मुलाला लगेच महागडी सायकल नको. आहे तीच सायकल, मोकळं मैदान, ठरलेलं अंतर आणि दर आठवड्याला वहीत वेळेची नोंद, एवढं पुरे. आपल्या वर्गातही हेच लागू पडतं. पाढे तोंडपाठ असलेलं मूल लेखी गणितात अडतं, कारण सराव तोंडी झालेला असतो. जशी परीक्षा, तसाही थोडा सराव हवाच.