बहुस्तंभी सभामंडप : रचना आणि जतन

गोदावरीच्या उत्तर तीरावरील शहागड येथून पैठण, राक्षसभुवन आदी तीर्थक्षेत्री जाणाऱ्या भाविकांना वाटेत अनेक जुन्या मंदिरांचे दर्शन घडते. गाभाऱ्याकडे जाण्याच्या ओढीने सभामंडप मात्र बहुधा न पाहताच ओलांडला जातो. वास्तविक मंडपाच्या छताचा भार हे खांबच शतकानुशतके वाहत आले आहेत.

इतके खांब कशासाठी?
दगड दाबाचे वजन उत्तम पेलतो, परंतु वाकविणारा ताण त्यास सहन होत नाही. लांब तुळई मध्यभागी तडकते. म्हणून प्राचीन स्थपतींनी तुळया आखूड ठेवून खांबांची संख्या वाढविली. तळखडा, त्यावर स्तंभ, स्तंभशीर्षावर भार तोलणारे कीचक, त्यावर तुळई व छत अशी ही रचना असते. चुना न वापरता दगड एकमेकांत बसविण्याच्या या पद्धतीस हेमाडपंती म्हणतात. तेराव्या शतकातील यादवांचे मंत्री हेमाद्री पंडित यांच्यावरून हे नाव रूढ झाले. तथापि ही शैली त्यांच्यापूर्वीचीच आहे.

काही पाहण्यासारखे मंडप
जालना जिल्ह्यातच भोकरदन तालुक्यात अन्वा येथे महादेवाचे प्राचीन मंदिर असून त्याच्या मंडपात सुमारे 50 कोरीव खांब आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप 48 खांबांचा असून मध्यावर 12 खांबांच्या वर्तुळाने आकाश मोकळे ठेवले आहे. वेरूळच्या कैलास लेण्यातील मंडपात 16 स्तंभ आहेत. मात्र ते रचलेले नसून डोंगरातूनच कोरलेले आहेत. पंढरपूरचा सोळखांबी मंडप व तेथील गरुडखांब तर प्रत्येक वारकऱ्यास परिचित आहे. त्या खांबास आलिंगन देऊनच भाविक पुढे जातात. इजिप्तमधील कर्नाक येथील मंदिरात असेच 134 स्तंभांचे दालन आहे.

भाविक व देणगीदारांसाठी
अशा मंडपातील प्रत्येक खांबाचा भार शेजारच्या खांबाशी बांधलेला असतो. जागा वाढावी म्हणून एक खांब काढल्यास वरची तुळई निराधार होते. तैलरंग दिल्यास दगडातील ओलावा आत कोंडतो व पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. खिळे ठोकल्याने चिरा पडतात, तर तेल-कुंकवाच्या थरांखाली कोरीव काम बुजून जाते. पंढरपूर येथे सन 2024 मध्ये मागाहून बसविलेल्या फरशा काढून मंदिराचे मूळ दगडी रूप खुले करण्यात आले. जे श्रद्धेने चढविले, तेच पुढे खर्च करून उतरवावे लागले.

तरी जीर्णोद्धारास देणगी देताना नव्या फरशी व रंगाऐवजी छताची गळती थांबविणे, पाण्याचा निचरा करणे व तज्ज्ञांकडून खांबांची तपासणी करून घेणे या कामांचा प्राधान्याने विचार व्हावा. हे काम डोळ्यांत भरत नाही व त्यावर नावाची पाटीही लागत नाही. परंतु पुढील पिढीच्या डोक्यावर देवाचे छत त्यामुळेच टिकून राहील.