आधी वाफ वाचवा, मग जळण बदला

माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती हे आपल्या भागातले साखर कारखाने बगॅस (उसाचा चोथा) जाळून वाफ करतात. उसाने वाढताना हवेतून घेतलेला कार्बनच त्यातून परत हवेत जातो, म्हणून कोळशापेक्षा हे जळण बरं. पण बारामती-इंदापुरात दूध आणि खाद्यप्रक्रियेच्या उद्योगांनाही बारमाही वाफ लागते. उत्सर्जन कमी करायचं म्हटलं की पहिली चौकशी होते पांढऱ्या कोळशाची (शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबलेल्या विटांची) आणि छपरावरच्या सोलरची. दोन्ही उपाय चांगले आहेत, पण ते शेवटी करायचे. नाहीतर वाया जाणाऱ्या वाफेसाठीच नवं जळण विकत घेतलं जातं.

साहित्य : बारा महिन्यांची वीजबिलं आणि जळणाच्या पावत्या, बॉयलरचं लॉगबुक, इन्फ्रारेड थर्मामीटर, स्टॉपवॉच, खुणेसाठी टॅग. चिमणीतला ऑक्सिजन मोजणारं यंत्र बाहेरून मागवलं तरी चालेल.

कृती

1. हिशेब मांडा. एक लिटर डिझेल जळालं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो. कोळशाचा आकडा त्याच्या प्रतीनुसार काढा. बेरजेला उत्पादनाने भागा : हजार लिटर दुधामागे किती किलो? हा आकडा बॉयलर हाऊसच्या फळ्यावर लिहा.

2. गळती शोधा. दाबाखालची वाफ भोकापाशी दिसत नाही, पांढरा ढग थोडा पुढे दिसतो. तिथे हात नेऊ नका. 7 किलो दाबाच्या लाईनला 3 मिलिमीटरचं भोक असेल, तर तासाला साधारण 25 किलो वाफ जाते, म्हणजे वर्षाला 200 टनांहून जास्त. टॅग लावा आणि लाईन बंद करूनच दुरुस्ती करा.

3. स्टीम ट्रॅप (वाफ अडवून पाणी सोडणारे व्हॉल्व) तपासा. थंड पडलेला ट्रॅप बहुधा तुंबलेला असतो. सतत जोरात वाफ फेकणारा उघडा अडकलेला असतो. चकचकीत स्टीलवर इन्फ्रारेड थर्मामीटर तापमान कमी दाखवतो. तिथे उष्णता सोसणारी काळी पट्टी चिकटवा आणि तिच्यावर मोजा.

4. कंडेन्सेट (वाफ निवून झालेलं गरम पाणी) बॉयलरकडे परत आणा. फीड वॉटर 6 अंशांनी तापलं की सुमारे 1 टक्का जळण वाचतं. 30 अंशांचं पाणी 78 अंशांवर गेलं, तर बचत 8 टक्क्यांच्या घरात. कंडेन्सेटमध्ये दूध किंवा रसायन मिसळलं असेल, तर ते बॉयलरमध्ये घेऊ नका.

5. लॅगिंग पूर्ण करा. सरळ पाइप झाकलेले असतात. फ्लँज आणि व्हॉल्व उघडे राहतात. त्यांना काढता-घालता येणारी जॅकेट्स शिवून घ्या.

6. चिमणी पाहा. धुराचं तापमान 22 अंशांनी उतरलं की बॉयलरची कार्यक्षमता साधारण 1 टक्क्याने वाढते. नळ्यांतली काजळी काढा. ऑक्सिजन मोजत हवा बेताची ठेवा. हे काम प्रमाणित बॉयलर अटेंडंटकडूनच करून घ्या.

7. कॉम्प्रेसर ऐका. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून एकटा कॉम्प्रेसर चालवा. तो 2 मिनिटं लोडवर आणि 6 मिनिटं अनलोडवर राहत असेल, तर क्षमतेच्या 25 टक्के हवा गळते आहे. ती 10 टक्क्यांच्या आत आणा.

8. आता जळण आणि सोलर ठरवा. मागणी घटल्यावर नव्याने माप घ्या. गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये जवळपास निम्मं पाणी असतं. ओलावा मोजूनच दर ठरवा. धुण्याचं 60-70 अंशांचं पाणी सोलर हीटरवर किंवा हीट पंपावर तापवता येतं, त्यासाठी बॉयलरची वाफ लागत नाही.

तीन महिन्यांनी पहिल्या पायरीचा हिशेब पुन्हा करा आणि नवा आकडा जुन्याशेजारी लिहा. शेतातून मिळणारं जळण अमर्याद नाही. आपण वाचवलेला एक टन शेजारच्या कारखान्यातला कोळसा बाजूला सारू शकतो. म्हणून बगॅसवर चालणाऱ्या बॉयलरलाही ही सगळी कृती लागू आहे.