गोष्ट सांगतें कोण?



“पुढें काय झालें?” हा प्रश्न वाचकाला कादंबरीच्या अखेरच्या पानापर्यंत ओढून नेतो. तो प्रश्न वाईट नव्हे. परंतु शेवट कळला कीं तो संपतो, आणि पुष्कळदां त्याजबरोबर पुस्तकही विस्मृतींत जातें. म्हणून त्याच्या जोडीस दुसरा एक प्रश्न ठेवावा : ही गोष्ट सांगतें कोण? त्याचें महत्त्व तीन कादंबऱ्यांवरून पाहूं.

बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून त्यास मान आहे. यमुना आणि तिचा पति विनायक प्रवासास निघतात व ठिकठिकाणीं विधवांचीं दुःखें पाहतात. लेखकास समाजाचे डोळे उघडावयाचे आहेत. म्हणून तो एकामागून एक हकीकत आपणांपुढें मांडतो. वाचक प्रवाशाप्रमाणें दाराशीं उभा राहतो, कळवळतो आणि पुढच्या गांवाकडे निघतो.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः येऊं लागली. हिच्याही नायिकेचें नांव यमुनाच. परंतु येथें ती स्वतःच आपली जीवनकथा सांगते. बाळपणीं दादाबरोबर खेळणारी यमू आपल्याशीं बोलूं लागते. त्यामुळें पुढें तिला आलेलें वैधव्य आणि तिचें बळजबरीचें केशवपन हें परक्याचें दुःख राहत नाहीं. विषय बराचसा एकच. पण सांगणारें माणूस बदलतांच वाचकाची जागा बदलली. आपण दारांतून माजघरांत आलों.

आतां आपल्या वऱ्हाडाकडे वळूं. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० सालीं निघाली. तींत कौतिक ही गरीब घरची बाई नवरा महादेव व मुलें यांचा संसार सावरण्यासाठीं झुंजते. पात्रें बोलतात तीं वऱ्हाडींत.

एकदां वर्गांत मी हिचें एक प्रकरण वाचीत असतां मागच्या बाकावरून हंसूं ऐकूं आलें. कारण विचारतां एक मुलगा म्हणाला, “सर, हे त आमच्या घरचं बोलनं हाये. पुस्तकात चालते काय?”

मीं तेंच पान त्याला मोठ्यानें वाचावयास सांगितलें. कौतिकचे शब्द त्याच्या तोंडून अशा सहज ठेक्यांत उमटले कीं, तसे मला कधींच साधले नव्हते. हंसूं थांबलें. खालीं बसतांना तो हळूच म्हणाला, “माही आजी अशीच बोलते.”

तें ऐकून मीच ओशाळलों. असेच शब्द मीं वर्षानुवर्षें मुलांच्या वह्यांत लाल शाईनें खोडले होते. निबंधाला प्रमाणभाषा हवी हें खरें. पण जी बोली खोडली, तींतूनच एका लेखकानें एक आयुष्य उभें केलें होतें, हें मीं मुलांस कधीं सांगितलें नव्हतें.

तेव्हां कादंबरी मिटण्यापूर्वीं स्वतःस विचारा : हें कोण सांगत आहे? त्याला काय दिसतें आणि काय दिसत नाहीं? या घरांतलें कोणतें माणूस अजून बोललेंच नाहीं? हीं उत्तरें शोधूं लागलांत कीं, वाचलेलें पुस्तक पुन्हां उघडावेंसें वाटेल. आणि कदाचित् घरीं गेल्यावर आजीजवळ थोडें अधिक बसावेंसेंही वाटेल.